एका डाव्या क्रँकपायी

वेल्ह्याला लोक किल्ले बघायला जातात. मी तिथे बरेच दिवस राहून आले आणि तोरणा, राजगड दोन्ही फक्त खालून बघितले. बार्शीला परतल्यावर जो तो विचारू लागला, "मग, चढलात का वर?" मी खरं ते सांगत होते, की नाही, मी सायकलचा एक भाग शोधत हिंडत होते. ऐकणारा जरा वेळ माझ्या तोंडाकडे बघे आणि पावसापाण्याचं विचारू लागे. माझ्या शिवणक्लासातल्या मुलींनी तर दिवाळीची शिलाई बाईंच्या डोक्यात गेली असं ठरवूनच टाकलं. म्हणून आता सगळं नीट लिहून ठेवते.

दिवाळीची शिलाई संपली की माझी पाठ मोडून येते हे मात्र खरं आहे. त्यासाठीच मी दगडूमामांकडे निघाले होते. मामा माझ्या आईचे धाकटे भाऊ. राजगडाच्या पायथ्याला गुंजवण्याच्या अलीकडे त्यांची वाडी आहे. तिथे जाऊन भात खायचा, धरणाच्या पाण्याकडे बघत पडून राहायचं आणि सुईदोऱ्याचं नाव काढायचं नाही, एवढाच माझा बेत होता.

वेल्हे, चुकून

मला एसटीत झोप लागते. वेल्ह्याची गाडी नसरापूर सोडून आत वळली की दोन्ही बाजूंना पिकलेल्या भाताची खाचरं सुरू होतात, गाडी हळूहळू डुलते, खिडकीतून भाताचा वास येतो आणि माणसाचे डोळे आपोआप मिटतात. मामांच्या वाडीसाठी मार्गासनीला उतरायचं होतं. कंडक्टरने मला उठवलं नाही की मी उठले नाही, यावर आमचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही. जाग आली तेव्हा गाडी रिकामी होती, इंजिन बंद होतं आणि काचेबाहेर पांढऱ्या धुक्याशिवाय काही नव्हतं.

"उतरा बाई, वेल्हं आलं. फुडं डोंगर हाय," कंडक्टर म्हणाला.

वेल्ह्याचा बाजार छोटासाच आहे. तहसील कचेरी, चहाची हॉटेलं, किराणा, खतांचं दुकान, आणि त्या सगळ्यांच्या डोक्यावर तोरणा. त्या सकाळी तोरणा नव्हताच. धुकं इतकं खाली आलं होतं की समोरच्या हॉटेलातला माणूस बोलायचा तेव्हा नुसता आवाज यायचा. परतीच्या गाडीला वेळ होता. मी चहा घेत बसले आणि त्या धुक्यातून एक चाक बाहेर आलं. मग काळं हँडल, मग दुधाचे रिकामे कॅन, आणि सगळ्यात शेवटी सायकल हाताने धरून चालणारा एक उंच, वाकलेला माणूस. तो माझ्यासमोरून गेला, डोंगराकडच्या चढाला लागला आणि पुन्हा धुक्यात विरघळला.

आमचा बार्शीचा मुलूख सपाट. तिकडे सायकल म्हटली की तिच्यावर माणूस बसलेला असणारच. इकडे चढावर बिचाऱ्याला उतरावं लागतं, असं मनात येऊन मला त्याची थोडी कीव आली. मग गाडी लागली आणि मी त्याला विसरले.

मामांच्या ओसरीवर

दर वेळी मामा मार्गासनीला सायकल घेऊन उभे असतात. माझी पिशवी कॅरियरला लावतात आणि वडाप जीप माझ्यासाठी थांबवून स्वतः तिच्या मागून सायकलवर येतात. या वेळी ते नव्हते. वडापवाल्याने वाडीच्या तोंडाशी सोडलं. मामा ओसरीवर खांबाला टेकून बसले होते आणि त्यांच्या शेजारी भिंतीला टेकून सायकल. दोघांचीही तोंडं सारखीच उतरलेली.

"मामा, न्यायला आला नाहीत?"

"कशावर येऊ? तिचा पाय गेलाय," ते म्हणाले.

सायकलचं डावं पायडल जमिनीवर पडलं होतं. पायडल ज्या लोखंडी दांड्याला बसतं त्याला क्रँक म्हणतात. तो क्रँक मधल्या आसावर एका पिनेने अडकवलेला असतो. मामांच्या सायकलच्या डाव्या क्रँकचं भोक वर्षानुवर्षं झिजून लांबट झालं होतं. नवी पिन ठोकली की वाडीच्या टोकापर्यंत टिकायची आणि मग सगळंच्या सगळं पायातून निसटायचं. पावसाळ्यात एकदा असंच निसटून मामा उतारावर पडले आणि कोपर सोलून घेतलं होतं.

तेव्हापासून मामी सायकलवर डूख धरून होत्या. "त्यो भंगारवाला येऊ दे एकदा," त्या आतून म्हणाल्या, "ही ब्याद जाईल, मंग ह्ये गुमान एका जागी बसतील."

मामांचे गुडघे गेलेत. अंगणापलीकडे चालवत नाही. पण सायकलवर बसले की त्यांचे तेच गुडघे कुरकुर न करता फिरतात. डॉक्टरांना याचं नवल वाटत नाही म्हणे, मला मात्र दर वेळी वाटतं. धरणात गावची जमीन गेली तेव्हा त्यांचं एक खाचर वर राहिलं, तेही वाडीपासून लांब. रोज सकाळी मामा सायकलवर त्या खाचराला जात, बांधावर बसत आणि उन्हं चढली की परत येत. आता भात पिकून पिवळं झालं होतं. चारआठ दिवसांत कापणी लागणार होती, आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या कापणीला मामा बांधावर नसणार होते.

"मुलगा येईल ना पुण्याहून? मोटारसायकलवर नेईल," मी म्हणाले.

"नेईल की. पर मागं बसलं की माणूस वझं हुतो, सुमे."

ते एवढंच बोलले आणि डोंगराकडे बघू लागले. मला फार वाईट वाटलं. मी त्याच सायकलवर शिकले होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत, दांड्याखालून पाय घालून, जुन्या गावच्या खळ्यात गोल गोल. ते खळं आता पाण्याखाली आहे. मामांनी गाव सोडताना सायकल डोक्यावर घेऊन ओढा ओलांडला होता. त्या गावातल्या फार थोड्या गोष्टी उरल्यात, त्यात ही एक.

मुलाने काही केलं नव्हतं असं नाही. त्याने मोबाईलवरून नवा क्रँक मागवला होता. तो आला, पण त्याला भोकच वेगळ्या जातीचं. आता तो दारामागे खुंटीला लटकवलेला होता आणि मामी त्याला टोपी अडकवत. पुण्यातल्या दुकानदाराने सांगितलं होतं की सुटा भाग मिळत नाही, पूर्ण जोडणी घ्या. पूर्ण जोडणी या जुन्या सांगाड्यात बसत नाही, म्हणजे सांगाडाही घ्या. म्हणजे सायकलच घ्या. एवढ्यासाठी नवी सायकल घेणं मामांना परवडणारं नव्हतं, आणि कुणी घेऊन दिली असती तर त्यांना ते आवडलं नसतं.

दुपारी मामांनी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून पिनेभोवती गुंडाळला आणि ठोकून ठोकून क्रँक घट्ट केला. "बस बरं, बघ," म्हणाले. मी पदर खोचून बसले. धरणावरून गार वारा येत होता, दोन्हीकडे भात डोलत होतं, आणि मला वाटलं आपण पुन्हा त्या खळ्यात आहोत. मग डाव्या पायाखालून जग निघून गेलं आणि मी सायकलसकट गवतात आडवी झाले.

मामी दारात येऊन उभ्या राहिल्या. "आता दोन झाली भंगारं," त्या म्हणाल्या. पण रात्री माझ्या ताटात खेकड्याच्या कालवणातला मोठा नांगा त्यांनीच वाढला आणि भाताचा दुसरा ढीग न विचारता घातला. आमच्याकडे कढीला जेवढा भात लागतो तेवढा इथे नुसता चवीला घेतात.

भोर

दुसऱ्या दिवशी झिजलेला क्रँक फडक्यात गुंडाळून मी भोरला गेले. नमुना बरोबर असल्याशिवाय कापड घ्यायला जाऊ नये, हे मला शिवणकामाने शिकवलंय. मार्गासनी, नसरापूर, कापूरहोळ अशा गाड्या बदलत दुपारी पोचले. भोरच्या बाजारात पहिल्या दुकानात लहान मुलांच्या गुलाबी झालरीच्या आणि गिअरच्या सायकली टांगलेल्या होत्या. दुकानदाराने माझा क्रँक दोन बोटांत धरला, मेलेला उंदीर धरावा तसा.

"काकू, हे आता रशीदभाईंकडंच," तो म्हणाला आणि गल्ली दाखवली.

रशीदभाईंचं दुकान म्हणजे एक अरुंद खोली, छतापर्यंत टायर. वडलांपासून चालत आलेला धंदा. साठीचे गृहस्थ, चष्मा कपाळावर, आणि बोलण्याची हौस भारी. त्यांनी क्रँक हातात घेतला आणि हसले.

"ही आमच्या वडलांनी विकलेली सायकल आहे, ताई. त्या कंपनीचा आस जाड असायचा. कंपनी बंद पडली. पण त्या काळात लग्नसराई आली की ह्या खोऱ्यात जावयाला हीच द्यायचे. गाड्या भरून माल यायचा."

"मग जुना एखादा असेल की."

"एक कशाला, पोतंभर आहेत." त्यांनी कोपऱ्यातलं पोतं ओढलं आणि जमिनीवर रिकामं केलं. क्रँकच क्रँक. मी खुशीत एकेक उचलून बघू लागले. उजवे सगळे ठणठणीत. डावा उचलावा तर भोक लांबट. दुसरा उचलावा, तेच. सगळे डावे मामांच्याच दुखण्याने गेलेले.

"आपली माणसं सायकलवर कशी चढतात?" रशीदभाई म्हणाले. "डावा पाय पायडलवर, उजव्यानं जमीन रेटायची, चार टांगा मारायच्या आणि मग वर. उभ्या माणसाचा भार रोज डाव्यावर. तो बिचारा किती सोसणार?"

"मग उजवाच लावा डावीकडे."

"डावीकडचे आटे उलटे असतात. पायडल बसणारच न्हाई."

हे मला लगेच पटलं. उजवी बाही डाव्या खांद्याला लावून बघणाऱ्या मुली माझ्या क्लासात दर वर्षी येतात. मी भोक वेल्डिंगने भरून घ्यायचं विचारलं. त्यावर त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला.

"भरून देतो म्हणणारे भेटतील. पण चढाला मोडलं तर म्हातारा पडंल. ते पाप मी करणार न्हाई. तुमी अशी सायकल शोधा, जिच्यावर डाव्या बाजूनं कुणी चढलंच न्हाई." मग स्वतःच हसून म्हणाले, "अशी सायकल नसते, ताई."

त्यांच्या घरातून चहा आणि खारी आली. निघताना त्यांनी त्यांचा मोबाईल नंबर दिला. दर आठवड्याला ते वेल्ह्याच्या पंक्चरवाल्याकडे टेम्पोने ट्यूब पोचवतात, तिथेही विचारा म्हणाले.

गाडीला अवकाश होता म्हणून मी नीरेच्या काठी जाऊन बसले. पाणी संथ होतं, वाहतंय की थांबलंय ते कळत नव्हतं. पलीकडे कुणी बाई कपडे धूत होती. तिच्या आपटण्याचा आवाज जरासा उशिरा माझ्यापर्यंत पोचत होता, आणि ते बघता बघता मला पेंग आली. स्वप्नात सगळ्या खोऱ्यातले जावई नव्या सायकली घेऊन एका रांगेत उभे होते आणि सगळे डाव्या बाजूने चढत होते. मी ओरडून सांगत होते, अहो, एकाने तरी उजवीकडून चढा. कुणी ऐकेना.

वेल्हे, मुद्दाम

दोनतीन दिवस मी खोऱ्यातल्या वाड्यावस्त्यांतून जुन्या सायकली बघत हिंडले. मामींच्या माहेरची एक, शाळेच्या शिपायाची एक, गोठ्यात कोंबड्या बसणारी एक. मी गेले की लोक पाणी देत, बसायला पोतं टाकत आणि मी सायकलच्या डाव्या बाजूला उकिडवी बसले की एकमेकांकडे बघत. सगळ्यांचा डावा गेलेला. एका आजींनी तर मी सायकलच्या पाया पडतेय असं समजून हळद-कुंकू आणून दिलं. मीही सायकलला लावलं.

मामांच्या खाचराच्या शेजारच्यांनी विळ्यांना धार लावून आणली. मी संध्याकाळी परतले की मामा माझ्या पिशवीकडे बघत, आणि पिशवी हलकी दिसली की डोळे काढून घेत. ते मला सोसवेना.

शेवटी वेल्ह्याला गेले. या वेळी जागी राहून. पंक्चरवाल्याने मान हलवली, त्याच्याकडे आता नुसत्या मोटारसायकली येतात. मी त्याच चहाच्या हॉटेलात बसले आणि वडा मागवला. धुकं हळूहळू वर सरकत होतं. तोरण्याची आधी सोंड दिसली, मग खांदा, मग सगळाच डोंगर उघडा पडला, इतका जवळ की मला उगीचच संकोच वाटला. आणि त्याच्या अंगावरून उतरणाऱ्या वाटेवर तो पहिल्या दिवशीचा माणूस दिसला. दुधाचे कॅन, काळं हँडल, तीच चाल.

मी वडा खात त्याच्याकडे बघत होते. आता हा टांग मारील, आता मारील. उतार चांगला लांबलचक होता. बार्शीतला कुणीही असता तर वारा पीत खाली आला असता. हा चालतच होता. सायकल त्याच्या उजव्या हाताला, आणि दोघांच्या मध्ये एक हातभर अंतर, बैल मारका असला की माणूस ठेवतो तेवढं.

उतारावरही चालत. मग तो बसतो कधी?

हातातला वडा मी तसाच बशीत टाकला. मी रस्त्यात जाऊन उभी राहिले.

"अहो, जरा थांबता का? तुम्ही हिच्यावर बसत नाही?"

"न्हाई बा," तो म्हणाला.

"कधीच?"

"येतच न्हाई बसाया." त्याला काही लाज वाटल्यासारखी दिसली नाही. "सासऱ्यानं लगनात दिली. आमची वस्ती हिकडं वर, तोरण्याच्या अंगाला. शिकाया सपाट कुठाय तितं? मंग म्हनलं, चालू द्या संगट. दूध वाहती, गवात वाहती. लई गुनाची हाय."

मी खाली वाकून डाव्या क्रँकच्या भोकाशी बघितलं. पिन बसली तशी बसलेली, भोवती धूळ आणि गंज, पण कुठे फट नाही. माझ्या फडक्यातला झिजलेला क्रँक शेजारी धरला. तोच आकार, तीच जाडी. मला रडूच यायला लागलं. तेवढ्यात सायकलच्या डावीकडून चालणाऱ्या त्या माणसाची उजवी नडगी माझ्या डोळ्यांसमोर आली. गुडघ्याखाली सायकलकडच्या बाजूला जुने, नवे, काळे, लाल असे व्रणच व्रण होते.

"हे काय झालं?"

"पायडल बसतंय. चालताना कदी मदी ध्यान गेलं की टाणकन." तो हसला. "आता सवं झाली."

त्याचं नाव कोंडीबा. मी त्याला हॉटेलात बसवून मामांचं सगळं सांगितलं. खाचर, गुडघे, कापणी. त्याने बशीतला चहा संपवला आणि सायकलकडे बघितलं.

"मला काय, ह्या पायडलाचा जाचच हाय. पर ती कारभारणीच्या बापानं दिल्याली. घरात इचारावं लागंल."

मी त्याच्याबरोबर वर चालत गेले. वाट रानातून, कारवीच्या झुडपांमधून वळत जाते. चाकांचा बारीक कुरकुर आवाज, कॅनांची किणकिण आणि मध्येच पायडल चुकवायला पाय बाजूला घेणारा कोंडीबा. मागे वळून बघितलं की खाली सगळं खोरं दिसे, पिवळ्या खाचरांचं, निळसर धुराचं, आणि आपण कुठून आलो ते क्षणभर आठवत नसे. मी तशी घाईची बाई, पण त्या वाटेवर माझी घाई गळून गेली.

कोंडीबाच्या बायकोचं नाव पारूबाई. तिने आधी मला गूळ-पाणी दिलं आणि मग मी काय मागायला आलेय ते ऐकलं. ऐकून ती उठून उभी राहिली.

"माझ्या बापानं दिल्याली सायकल. तिचा पाय तोडून दिऊ व्हय?"

माझ्या आईच्या शिवणयंत्राचं चाक कुणी मागितलं असतं तर मीही हेच म्हटलं असतं. कोंडीबा अंगणात दुधाचे कॅन धूत राहिला. पारूबाई आत गेली आणि नव्या, लवकर पिकणाऱ्या हळव्या भाताचे, घरी कांडलेले पोहे घेऊन आली. मऊ, किंचित हिरवट, वर नुसतं मीठ आणि ओलं खोबरं. राग असला तरी आल्यागेल्याला उपाशी लावून द्यायचं नाही, ही रीत आमच्याकडेही आहे, पण आमच्याकडे राग ताटात उतरतो. इथे पोह्यांत तो नव्हता.

"त्ये म्हातारं रोज जायचं खाचराला?" ती मधूनच म्हणाली.

"रोज."

"आन आता कापनी लागली."

"शेजारच्यांची लागली. उद्यापरवा त्यांची."

कॅन धुऊन कोंडीबा उंबऱ्यावर टेकला, तशी पारूबाई वाटीत तेल-हळद घेऊन त्याच्या पायाशी बसली आणि सवयीने, माझ्याशीच बोलत, त्याच्या नडगीला चोळू लागली. चोळता चोळता तिचा हात थांबला. तिने त्या व्रणांकडे असं बघितलं, जणू आजच दिसले.

"आमचं लगीन झाल्यापून म्या ह्ये चोळतीया," ती म्हणाली. "माझ्या बापाचीच चूक. जावयाला बसाया येतं का, त्येवढं इचारलंच न्हाई."

मग ती हसायला लागली, कोंडीबाही हसला, आणि डोळे पुसत ती म्हणाली, "घिऊन जावा, बाई. म्हाताऱ्याला बांधावर बसवा."

कापणी

रशीदभाईंचा टेम्पो दुसऱ्या दिवशी सकाळी वेल्ह्याला येणारच होता. मी आदल्या दिवशीच फोन करून सांगितलं होतं, तरी त्यांचा विश्वास नव्हता. मी मुक्काम पारूबाईकडेच केला. सकाळी कोंडीबा सायकल घेऊन खाली आला, गंज सुटावा म्हणून तिच्या पिनेवर रात्रभर डिझेलचं फडकं बांधून ठेवलेलं होतं. रशीदभाईंनी बेताने हातोडी मारली. पिन कुरकुरली, हलली आणि जन्मात पहिल्यांदा बाहेर आली. त्यांनी क्रँकच्या भोकात अंगठा घालून फिरवला. गोल, गुळगुळीत, कालच दुकानातून आल्यासारखं.

"असते म्हणायचं अशी सायकल," ते म्हणाले आणि पुढे बराच वेळ गप्प होते. त्यांच्यासारख्या माणसाला हे जड गेलं असणार.

त्यांच्याच टेम्पोतून आम्ही मार्गासनीवरून वळून मामांच्या वाडीला गेलो. खाचरात विळा त्याच सकाळी लागला होता. पुण्याहून आलेला मुलगा, सून आणि सावडीला आलेली शेजारची माणसं तिकडे गेली होती. मामी भाकऱ्यांची पाटी बांधून निघण्याच्या तयारीत होत्या. मामा ओसरीवर, धुतलेलं धोतर, डोक्याला मुंडासं, आणि जायला सायकल नाही. मुलाने न्यायला मोटारसायकल आणली होती, तर "मला बरं न्हाई" म्हणून त्यांनी त्याला परत लावून दिलं होतं.

रशीदभाईंनी क्रँक बसवला, पायडल फिरवलं, हाताने दाबून बघितलं, पुन्हा पिन ठोकली. मामा बघत होते. सगळं झाल्यावर त्यांनी सायकल अंगणात घेतली, डावा पाय पायडलवर ठेवला आणि उजव्याने जमीन रेटली. एक टांग. दुसरी. मामींनी तोंडाला पदर लावला. तिसऱ्या टांगेला मामा वर होते.

त्यांनी मागे वळून बघितलं नाही. रस्ता पाण्याच्या कडेकडेने जातो. सकाळचं धुकं अजून धरणावर पसरलेलं होतं, आणि त्या पांढऱ्यात त्यांचं मुंडासं थोडा वेळ वरखाली होताना दिसलं, मग नुसती चेनची कुरकुर ऐकू आली, मग तीही नाही. कुठल्या गावाला चाललेत, वरच्या की पाण्याखालच्या, असं मला क्षणभर वाटून गेलं.

"पाटी तरी लावायची हुती कॅरियरला," मामी म्हणाल्या. त्यांचा आवाज भिजलेला होता. मग त्यांनी पाटी डोक्यावर घेतली आणि आम्ही दोघी मागून चालत गेलो. पोचलो तेव्हा मामा बांधावर बसून मुलाला विळा कसा धरावा ते शिकवत होते, आणि मुलगा चिडून ऐकत होता.

भंगारवाला चार दिवसांनी आला. मामींनी त्याला खुंटीवरचा मोबाईलवाला क्रँक दिला आणि टोपी पुन्हा नुसत्या खुंटीला अडकवली.

मळणी होऊन नवा तांदूळ निघेपर्यंत मी राहिले. निघायच्या दिवशी मामांनी एक पिशवी भरून दिली, पारूबाईसाठी. त्यामुळे मला आधी वेल्ह्याला जावं लागलं. पंक्चरवाल्याकडे पिशवी ठेवून मी परतीच्या एसटीत खिडकीशी बसले. ऊन कोवळं होतं, तोरणा स्वच्छ उभा होता, आणि गाडी सुरू होता होता कोंडीबा उताराने येताना दिसला. दुधाचे कॅन, काळं हँडल, तीच चाल. पण मधलं हातभर अंतर आता नव्हतं. तो सायकलला खेटून चालत होता, हँडल एका हाताने सैल धरलेलं आणि दुसरा हात सीटवर ठेवलेला. त्याचं लक्ष पायांकडे नव्हतं, डोंगराकडे होतं.